अकरा मैल

मी गाड्या खालून ओळखतो.
मालकांचे चेहरे नंतर आठवतात, कधी आठवतही नाहीत;
पण सायलेन्सरचं ठिगळ,
ब्रेकच्या नळीवर कुणीतरी घाईत फासलेला रंग,
ऑइलचा तो एकच थेंब, वर्षभर पडू की नको करत लोंबलेला,
हे विसरत नाही.

वेल्सचा किनारा. मासळीच्या दुकानामागची शेड.
एक लिफ्ट, एक हातोडी, भिंतीवर सरकारी परवाना.
इथला खारा वारा पत्रा खातो,
जेवायची घाई नसलेल्या माणसासारखा.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी प्रॉसर यायचा.
माझदा, दोन सीटची, नव्वद सालची.
लाल होती म्हणे;
आता शंभरदा धुतलेल्या स्वेटरचा रंग.
दिवे लावले की बॉनेटमधून डोळे वर येतात,
डावा आधी,
उजवा जरा विचार करून.

स्पोर्ट्स कार म्हणायची म्हणून म्हणायची.
कागद वेगळंच सांगत होते :
एकाहत्तर हजार दोनशे चार.
पुढल्या मार्चला दोनशे पंधरा.
त्याच्या पुढल्या, दोनशे सव्वीस.
त्याच्या घरापासून माझ्या शेडपर्यंत साडेपाच मैल.
परत जायला साडेपाच.

मी विचारलं नाही.
तपासनिसानं नळ्या तपासाव्यात.
दरवर्षी पास. शेरा तोच :
टायर झिजण्याआधीच म्हातारे, कडांना भेगा.
हँडब्रेक आखडलेला, दोनदा ओढल्यावर कबूल.
पास होणं इतकं सोपं असतं,
कुठे गेलंच नाही की.

चाळिशी गाठलेल्या गाड्यांना आमचा कायदा सोडून देतो.
प्रॉसर बोटांवर मोजून म्हणाला होता, "अजून सहा."
मी मनात म्हटलं,
मग हे अकरा मैलही गेले.

यंदा मंगळवारी तो आला नाही.
गुरुवारी आला, फोन न करता,
छत उघडं, नाक लाल,
उजवा डोळा अर्धाच वर.
काटा म्हणत होता, चौऱ्याहत्तर हजार सहाशे बारा.
मी चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

टायर नवे, आणि तेही आतल्या कडेला तुळतुळीत.
काचेवर खड्यानं पाडलेली चांदणी.
सीटच्या फटीत आइस्क्रीमची काडी.
लिफ्ट वर गेली तशी चाकाच्या कमानीतून
वाळू झरली; आमची करडी नव्हे,
जाड, पिवळी, कुठल्या तरी लांबच्या किनाऱ्याची.

मग दाराखालची पट्टी. हातोडी मी हलकेच मारतो,
कलिंगडावर टिचकी मारावी तशी.
टक्. टक्. टक्.
भद्द.
भोक आजचं नव्हतं. किती वर्षं
रंगाखाली झाकली मूठ होती,
आणि मीच ती सव्वा लाखाची ठरवत आलो होतो.
सीटबेल्टच्या बोल्टपासून फूटभराच्या आत.
तिथे दयामाया नाही.

"नापास," मी म्हटलं.
एवढ्या वर्षांत हा शब्द त्याला पहिल्यांदा देत होतो,
आणि तोंड सरळ ठेवणं जड जात होतं.
प्रॉसर वाकला. भोकात बोट घातलं,
बाहेर काढून बोटाकडे पाहिलं,
आणि हसला, दात दिसेपर्यंत.
"वेल्डिंगला किती दिवस?"
"बुधवारपर्यंत."
"शनिवारी बोट आहे. आयर्लंडची."
"दोघं?"
हेही मी विचारायला नको होतं.
तो हातमोजे घालत राहिला,
आधी डावा, मग, जरा विचार करून, उजवा.

तो बसनं गेला.
आमचा पोऱ्या काडोग झाडू घेऊन आला,
लिफ्टखालच्या वाळूचा छोटासा ढीग पाहून थांबला.
राहू दे, म्हटलं.
चहा होईपर्यंत राहू दे.