बोधचिन्ह वर, डावीकडे

परिपत्रक बत्तीस पानांचं.
पान सातवर लिहिलंय: बोधचिन्ह वर, डावीकडे,
फलकाच्या रुंदीच्या एक अष्टमांश,
सभोवती तेवढीच जागा मोकळी.
निळा कोणता, त्याचा क्रमांक दिलाय.
तो क्रमांक आमच्या पंचायत समितीच्या प्रिंटरमधून
जांभळा निघाला.

मी विस्तार अधिकारी, अकरा गावं माझ्याकडे.
मोटारसायकलच्या डिकीत मोजपट्टी,
रंगांचं कार्ड, तपासणीचा तक्ता,
आणि डोक्याला दुपट्टा,
ज्याचा रंग अजून कुणी ठरवलेला नाही.

टाकळीत सगळी कार्यालयं एका रांगेत,
बोर्ड सगळे गुलाब पेंटरच्या हातचे.
अंगणवाडी पिवळी, तिच्यावर दात असलेला सूर्य.
तलाठी गेरूत, कारण त्या साली गेरू उरला होता.
गुरांच्या दवाखान्यावर गवळाऊ बैल,
पाच पायांचा.
चौथा चुकला म्हणून गुलाबनं पाचवा काढला,
चौथा पुसायचा राहिला,
तो एकोणीस वर्षं राहिला.
'कार्यालय'मधला र्य त्याला कधी जमला नाही,
दर खात्यात वेगळा आहे.

पण बेबीबाई कुमरे शेळी घेऊन निघाली
की तिला र्य कुणी विचारत नाही.
"बैलापाशी जाय," म्हणतात.
लस पिवळ्यात. दाखला गेरूत.

मी लिहिलं: सर्व फलक नियमबाह्य.

हेही सांगायला हवं.
दोन वर्षांमागं बाजारचौकात आणखी एक बोर्ड लागला होता,
'शासकीय नोंदणी केंद्र',
वर सिंह, थोडे मांजरांसारखे.
दोनशे चौदा जणांनी ऐंशी-ऐंशी रुपये भरले
आणि बुधवारी केंद्राला कुलूप.
गुलाब म्हणाला, "मले का मालूम, सायब?
त्यानं रोख देल्ले.
तुमच्या खात्याचे अजून बाकी हायेत."
दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.
त्या दोनशे चौदांत बेबीबाई होती.
म्हणून मी परिपत्रकाला हसत नाही,
निदान पहिल्या एकतीस पानांना.
बत्तिसाव्यावर लिहिलंय: खर्च उपलब्ध निधीतून.

फ्लेक्स जिल्ह्याहून आले, एकाच गुंडाळीत,
पांढरे, निळ्या पट्टीचे, ओले असल्यासारखे चकचकीत.
लावायला गुलाबलाच बोलावलं, खिळे ठोकायच्या मजुरीवर.
त्यानं बैलावर फ्लेक्स ताणलं,
तीन कोपरे ठोकले,
चौथा खिळा डोळ्यात जात होता
म्हणून जरा सरकवला.
मी मोजलं. दोन सेंटिमीटर तिरपं.
तक्त्यात लिहिलं नाही.

पुढच्या सोमवारी
तलाठ्यापुढे दोन शेळ्या आणि एक खरजेलं वासरू,
डॉक्टरपुढे सातबाऱ्याची नक्कल मागणारा म्हातारा,
अंगणवाडीत रोजगार हमीवाले पाच जण
लहानग्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले.
तलाठी वैतागला.
"बाई, बोर्ड वाचता येत नाही का?"
बेबीबाईनं दोरी मुठीत आवळली.
"येते ना. वाचतच तं आली मी इतकी वर्सं.
तुमीच पुसलं."

महिनाअखेरच्या तपासणीला गेलो
तर फलक सगळे जागच्या जागी.
बोधचिन्ह वर, डावीकडे. निळा बरोबर.
फक्त दवाखान्याच्या कडीला बैलाच्या गळ्यातली घाटी,
अंगणवाडीच्या खिडकीला पिवळी चिंधी,
आणि तलाठ्याच्या उंबऱ्यावर गेरूची तीन बोटं.
कुणी केलं ते कुणाला ठाऊक नाही.
गुलाब समोरच्या टपरीवर चहा पीत होता,
नखं गेरूनं भरलेली.

बत्तीस पानं पुन्हा चाळली.
उंबरा फलकात मोडतो की नाही, कुठं लिहिलेलं नाही.
घाटीचा उल्लेखच नाही.
मी वरिष्ठांना पत्र लिहिलं,
कृपया मार्गदर्शन व्हावे,
सही केली, तारीख टाकली,
आणि जावक क्रमांक घातला नाही.