सर्व संबंधितांस

काचेच्या पेटीची किल्ली माझ्याकडं असते, तेवीस वर्षं झाली.
आधी मगदूमांकडं होती. जाताना म्हणाले,
बाबालाल, हे कुलूप तेलानं नाही
शिसपेन्सिलीच्या भुकटीनं चालतं.

काचेच्या आत फक्त शिक्क्याचं.
परीक्षा फॉर्म विलंब शुल्कासह, अतिविलंब शुल्कासह.
रक्तदान शिबिर, गुरुवारी, चहा-बिस्कीट दिले जाईल.
जिमखाना दिन, मुलींची रस्सीखेच, बूट आपापले.
खाली कोथळेबाई टाइप करतात,
सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.
हे संबंधित मी कधी पाहिले नाहीत.
काचेसमोर उभं राहतं ते कोणीतरी वेगळंच,
तिच्यात भांग नीट करतं आणि जातं.

जिन्याखालच्या फळीला काच नाही, शिक्का नाही.
कृष्णेचं पाणी आत आलं त्या साली
लाकडावर छातीएवढ्या उंचीवर पट्टा उमटला, तो राहिलाय.
मुलं कागद त्याच्या वरच लावतात,
कुणी सांगितलेलं नसताना.

विश्रामबागेत मुलींसाठी कॉट बेसिस. गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत.
डबा मिळेल. भाकरी की चपाती ते आदल्या रात्री सांगावे.
कॅल्क्युलेटर विकणे. चारचं बटण जोरात दाबावं लागतं.
हरवली आहे, काळी छत्री, दांडीवर कोरलेलं नाव.
त्याखाली दुसऱ्या पेनानं,
माझी पण.

आठ दिवसांवरचं काढायचं, असा नियम.
शनिवारी दुपारी मी टाचण्या उपटतो
आणि तेलाच्या रिकाम्या डबीत टाकतो.
वाकडी टाचणी दगडावर ठोकून सरळ होते,
कॉलेजला टाचण्यांचा खर्च नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वहीचा एक कागद आला.
तानपुरा विकणे आहे. मिरजेत केलेला.
एक तार नाही. भोपळ्याला चीर होती, भरून घेतली आहे.
किंमत घेणाऱ्याने सांगावी,
पण आधी लावून दाखवावा.
खाली कात्रीनं कापलेल्या दहा पट्ट्या,
प्रत्येकीवर तोच नंबर,
दहाही वेळा सातला आडवी रेघ.

पहिल्या शनिवारी दहाच्या दहा.
मी काढला नाही.
दुसऱ्या शनिवारी दहाच्या दहा,
एकही दात न पडलेल्या पोराच्या हसण्यासारख्या.

मी एक तोडली.
मला काय करायचाय तानपुरा?
चुलता मिरजेत भोपळे घासायचा,
त्याच्या नखांत कायम लाख असायची,
तेवढाच आमचा गाण्याशी संबंध.
तोडली, कारण ज्या गाड्यावर एक गिऱ्हाईक उभं असतं
तिथंच दुसरं थांबतं.

सोमवारी आठ होत्या.
बुधवारी सहा.

शुक्रवारी ती आली. ऐवळे, बी.ए. दुसरं वर्ष,
नोटिशीपुढं कधी न दिसलेली.
पट्ट्यांवरून बोट फिरवत मोजलं.
मामा, चार गेल्यात. फोन तीनच आले.
एकाला लावताच आला नाही,
एक म्हणाला, शोकेसमध्ये ठेवायचाय,
एक बाई रडायला लागल्या आणि ठेवून दिला.
चौथं कोण असेल?

मी म्हणालो, पोरं उगाच तोडतात.

नाही, ती म्हणाली, ही बघा, घडी घालून,
नखानं रेघ ओढून तोडलीय.
ज्याला असं तोडता येतं त्याला लावता येत असणार.
त्याचा फोन येईपर्यंत मी कुणाला देत नाही.

पट्टी माझ्या खाकी शर्टाच्या खिशात होती,
दोनदा धुतली गेली.
एक सात तेवढा वाचता येतो.

आज शनिवार. बाकीचं सगळं उतरवलं,
डबी निम्मी भरली.
ती जिन्यावरून खाली येताना दिसली,
फळीकडं बघते, मग माझ्याकडं.
मी काचेच्या पेटीशी वाकून उभा,
चांगल्या चालणाऱ्या कुलपात
पेन्सिल तासतो आहे.