चढणीचा भाव

एक जूनला समुद्र बंद होतो
आणि आमच्या सोसायटीचा फोन वाजायला लागतो.
मालवणची गाडी येत नाही, गगनबावड्याच्या घाटात
वळणावळणाला बर्फाचं पाणी सांडत नाही,
लक्ष्मीपुरीत सुरमईची फळी
घासूनपुसून नुसती उभी करून ठेवलेली.
कोल्हापूर म्हणजे मटणाचं गाव, म्हणतात लोक.
म्हणू देत. बुधवारी अकराला त्यांनी
शालन भोईच्या पाटीसमोर उभं राहून बघावं.

मी सेक्रेटरी. तलावाचं नाव लिहीत नाही,
लिहिलं तर पुढच्या लिलावाला
कुणीतरी बाहेरचा येऊन बोली चढवायचा.
राधानगरीच्या वरच्या अंगाला, एवढं पुरे.
एकोणचाळीस सभासद, त्यातले सहा मयत,
पण निवडणुकीला हजर असतात.
दरसाल ऑगस्टात बोटुकली सोडतो, कटला, रोहू, मृगळ,
हवा भरलेल्या पिशव्या तासभर पाण्यावर तरंगत ठेवून,
नव्या नवरीला उंबऱ्यावर थांबवावं तशी.
ठेक्याचे पैसे शासनाला आगाऊ,
मासा पाण्याला उधार.

जूनच्या शेवटी ओढा लाल होऊन उतरतो
आणि मासा उलटा चढायला लागतो, गवतात, गुडघाभर पाण्यात,
पोटं घेऊन.
तेव्हाच शालनचा फोन : "गाभोळीचा हाय काय गा?
हॉटेलवाला तीनशे चाळीस म्हणतोय."
एरवी तोच रोहू दीडशेला घासाघीस करून जातो.

ठराव आहे आमचा. जून-जुलै जाळं बंद.
एरवीही चार बोटं आसाचं, त्याहून बारीक नको.
ठरावाला सूचक पिराजी भोई,
ज्याच्या बापाने पंचगंगेत मासा धरला,
नदी पिण्याजोगी होती तेव्हा.
मोडणाऱ्याला दंड रुपये पाचशे.
एकमताने मंजूर, नंतर चहा.

पिराजीचाच पुतण्या रणधीर
रात्री एकला ओढ्याच्या तोंडाशी सापडला मला.
कमरेइतक्या पाण्यात, तोंडात बॅटरी,
हातात सव्वातीन किलोचा जीव, धडपडणारा.
"अकराशे पाच," तो म्हणाला.
"दंड वजा जाता सहाशे पाच. लिवा पावती."
बारावीला गणितात राहिला होता हा मुलगा.

मी पावती लिहिली.
काय करणार होतो? त्याच्या हातातून घेऊन
पाण्यात सोडला असता, असं आता वाटतं.
तेव्हा बॅटरीचा उजेड डोळ्यांवर होता
आणि पाचशेची नोट ओली.

बुधवारी गावात काम होतं. शालनने हाक मारून
कागदात गुंडाळून दिली, दोन बोटं जाड, पिवळी.
"सेक्रेटरीकडनं पैसं न्हाई घेत."
बायकोने तव्यावर परतली, तिखट-मीठ लावून.
खाल्ली. चांगली लागली, खोटं कशाला बोलू.
मत्स्यविभागाच्या पत्रकात लिहिलंय,
किलोला दोन लाख अंडी.
सगळी जगत नाहीत, पिराजी म्हणतो.
लाखात चार जगली तरी?
पिराजी विडी शिलगावतो.

मग श्रावण लागला. पाट्या उपड्या.
दीडशेलाही कुणी विचारीना.
ठरावाने जे दोन महिन्यांत झालं नाही
ते महादेवाने एका सोमवारात केलं.

आज बीजाची ऑर्डर भरली :
दोन लाख नग, नगाला रुपया, गाडीभाडं वेगळं.
वहीला नऊ रकाने आहेत.
सोडलेला, धरलेला, विकलेला, मेलेला,
सभासदाला घरी खायला दिलेला.
धरता येत होता आणि धरला नाही,
त्याला रकाना नाही.
उजवीकडे थोडी जागा होती, पेन्सिलने रेघ मारली.
वर काय लिहायचं ते सुचेना.

मार्चात ऑडिटर येईल,
खोडरबर आहेच त्याच्याकडे.