अक्कलकोट रोड, रात्रपाळी

या शेडमध्ये पूर्वी बत्तीस माग होते.
राजमल्लूमामा म्हणतात, फरशी अजून थरथरते.
मला पंख्यांचाच आवाज येतो.

आता काळी कपाटं, जाळीच्या दारांची.
यंत्र ज्याचं त्याचं, कुलूप ज्याचं त्याचं;
आमची नुसती जागा, वीज, गारवा.
बार्शीची पतसंस्था अर्ध्या कपाटात,
तिच्याखाली होटगी रोडवरच्या दवाखान्याची
मोडकी हाडं, हजारो, एक्स-रेमधली.
मधली फळी रिकामी.
तिचं भाडं कोणी देत नाही.

"फुटाला किती बे?" मामा विचारतात.
फुटाला नाही, किलोवॅटला.
जो जास्त तापतो, तो जास्त देतो.
"मग मे महिन्यात सोलापूरनंच
सगळ्यांना बिल लावावं की!"

परवा पुण्याहून एक बाई आल्या,
वही घेऊन. फीडर किती? दोन.
डिझेल? छत्तीस तासांचं.
तिकडं जागा उरली नाही, म्हणाल्या,
तरी इकडचा दर ऐकून
तो निम्मा करा म्हणाल्या.
पाणी? आमचे एसी पाणी पीत नाहीत, मॅडम.
नळ पाचव्या दिवशी येतो, हे मी बोललो नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.
पूर्वी असं झालं की बत्तीस माग
एका दमात गप्प व्हायचे,
आणि लांब कुठंतरी
कुणाचं खोकणं ऐकू यायचं.

आता बॅटरी धरते. अकरा सेकंद.
मग जनरेटर.
एकही हिरवा दिवा मिटत नाही.

मामा दारात उभे आहेत अजून,
कान देऊन.