डावं तोंड गरम

रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढतो.
बाकावर तीन मोनोब्लॉक, एक सबमर्सिबल, पोटं उघडी,
जळक्या वार्निशचा वास अजून पंख्याखाली फिरतोय.
निरम्यानं हात धुतो, तरी नखांत तांबं राहतंच,
आणि लॅपटॉप उघडतो. तहनियतचा जुना.

पडदा कोरा.
"काका, इथं लिहायचं कमी, जोडायचं जास्त,"
ती म्हणाली होती.
एक चौकट ठेवायची. डोक्यावर तिची तोंडं, पायाशीही तोंडं.
हिच्या पायातून तिच्या डोक्यात वायर.
मी हसलो. पोरी,
उदगीरच्या या गल्लीत चाळीस वर्षं दुसरं काय करायलोय?
फक्त माझ्या वायरीला शॉक बसतो.

आकड्याची वायर बारीक, आवाजाची जाड.
गेजचा फरक मला शिकवावा लागला नाही.
नावापुढं नागमोडी रेघ असली की आवाज,
रेघ विसरलो की नुसतं गणित,
आणि मग मी स्पीकरला दोष देत बसायचो.

दोन रात्री बेरजेच्या चौकटीनं छळलं.
उजवीकडं आकडा देतोय, बदलतोय, पुन्हा देतोय,
खाली ढिम्म.
मला वाटलं फ्यूज गेला.
फोन केला तर म्हणते,
"काका, डावं तोंड गरम, उजवं थंड.
उजव्यात टाकलेलं तो ठेवून घेतो,
बोलत नाही. डाव्यात काही पडलं की बोलतो."

फोन ठेवला आणि तसाच बसलो.

उस्ताद कासीमसाब चालू मोटारीवर पेचकस टेकवायचे,
मूठ कानाशी, डोळे मिटलेले.
मग मूठ माझ्या कानाशी. "सुन."
मी चौदाचा. वर्षभर नुसती घरघर.
काय ऐकायचं ते त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
ते गेले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात
वाढवण्याहून एक मोटार आली,
आणि मी न उघडताच म्हणालो, मागचं बेअरिंग.
कुठून आलं ते तोंडात, तेव्हा कळलं नव्हतं.

असो. काल रात्री
पहिल्यांदा सगळं आपल्या हातानं जोडलं.
एक सूर, त्याचा आवाज भागून भागून बारीक
(नाहीतर कान फुटतात, ती म्हणाली होती, आणि माझे फुटले होते),
आकड्याच्या चौकटीत सवयीनं टाकलं पन्नास.
काहीच नाही. एवढं खोल
या चिमुकल्या स्पीकरला जमत नाही.
शंभर टाकलं,

आणि कोपऱ्यावरची डीपी दुकानात आली.

तीच. पावसात ओली झाल्यावर घुमते ती नव्हे,
मार्चमधली, भार पेलताना दात खाणारी.
मी एकशे एक केलं, दुसरा सूर शंभरवरच ठेवला,
तर दोघं एकमेकांत हेलकावायला लागले,
सेकंदाला एकदा, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे.
असली मोटार माझ्याकडं आली असती तर
गिऱ्हाइकाला सांगितलं असतं, नवीन घ्या.
इथं मी दहा मिनिटं ऐकत राहिलो.

तेवढ्यात लाइट गेली.
पंखा थांबला. समोरच्या गिरणीवरचा बल्ब गेला,
डीपी गप्प, अख्खी गल्ली गप्प,
आणि बॅटरीवर अकरा टक्क्यांत
दुकानात एकटा तो आवाज चालू.

वरच्या गच्चीवरून सुगलाबाई ओरडल्या,
"ओ वायंडिंगवाले, तुमच्याकडं आलीय का हो?
आवाज तर यायलाय!"

काय सांगणार.
"नाही ओ," म्हणालो, "अजून शिकायलोय."
आणि सेव्ह करायचं राहिलंय हे आठवून
अंधारात बटण चाचपायला लागलो.