गठ्ठा फांदीला लागल्यावर

आधी तो फोन खिशात घालायची तयारी कर, प्रज्योत,
आणि पोट्ट्यांना म्हण, ताटं वाजवणं बंद करा.
ताटानं माशी बसत नाही.
तिला बसायचंच असतं म्हणून ती बसते,
श्रेय ताटाला जातं,
जसं बारशाचं आत्याला.

कुठं लागलाय गठ्ठा? संत्र्याच्या खालच्या फांदीला?
मग नशीब काढलंस बाप्पा.
माझा पहिला ग्रामपंचायतीच्या भोंग्यात शिरला होता,
सरपंचांनी तीन दिवस
दवंडी तोंडानं दिली.

भिऊ नको. घर सोडून निघालेली माशी
मध पोटभर घेऊन निघते,
आणि डंख मारायला वाकावं लागतं.
तरी बाह्या मनगटाशी दोऱ्यानं बांध.
मी शिवून दिलेली जाळी घाल, काळी आहे ती.
पांढरीतून उन्हात काही दिसत नाही,
हे मला दोन डंख खाऊन कळलं, पुस्तकात नव्हतं.
अत्तर लावलं असशील तर धू.
केळं खाऊन आला असशील तर हातही.

पाणी शिंपड. ओतू नकोस, शिंपड,
इस्त्रीआधी मी कापडावर मारते तसं.
टोपलीला आतून जुनं मेण चोळ,
गठ्ठ्याच्या वर उलटी धर, टेकेल इतकी जवळ.
माशी वर चढते.
खालून ढकलायचं नाही, वर अंधार ठेवायचा.

मधेच राणी दिसेल. बोट लावू नकोस.
लांब पोट, त्यावर आखूड पंख,
वाढत्या पोरीच्या अंगात
मागल्या वर्षीचं पोलकं असतं तसे.

ही म्हातारी आहे.
मधाच्या चौकटी, पिल्लं, भरलं घर
अजून न जन्मलेल्या लेकीला ठेवून
अर्ध्या माणसांसकट निघालीय.
माझ्या सासूनं मशीनची चावी दिली ती दवाखान्यात,
तीही चुकून जावेच्या हाती.

तुझं चुकलं ते एवढंच,
माघात त्यांना जागा द्यायची होती.
संत्रा फुलला, जवस निळं झालं,
आत नर वाढले, चौकटीच्या खालच्या काठाला
शेंगांसारखी राणीघरं लोंबली,
आणि तू मोर्शीला, लग्नात.
दर आठव्या दिवशी उघडून पाहा, म्हटलं होतं ना बे?

मागच्या पेटीत चांगलं एक राणीघर ठेव,
फार तर दोन. सगळी खुडू नकोस.
मी खुडली होती एका साली, कात्रीनं, फार हुशारीनं,
वाटलं, जायचं कारणच कापलं.
म्हातारी तरी गेली.
मागं राहिलेल्या कामकरणीच अंडी घालू लागल्या,
त्यातून नुसते नर निघाले.
पेटीचा आवाज बदलतो तेव्हा.
मशीन चालू आहे
आणि दोरा संपलाय, तसा.

दिवस कलला की नव्या पेटीत झटक,
एकदाच, ठाम.
मधोमध कोवळ्या पिल्लांची एक चौकट दे.
पिल्लू सोडून माशी जात नाही. सहसा.
पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.
पाक अंधार पडल्यावर, एक थेंब बाहेर न सांडता.
जुनी पेटी पंधरा दिवस उघडायची नाही,
हात शिवशिवले तर माझ्याकडं ये,
काजं करायला बसवते.

बोबड्यांच्या शेतात फवारणी कधी,
ते आदल्या दिवशी विचारत जा. भांडू नकोस,
पहिली बाटली त्यांना दे.
आणि वैशाखात तरट दिवसातून तीनदा भिजव,
चौथ्यांदा आठवलं तर चौथ्यांदाही.

एवढं करूनही कधीतरी
सकाळी पेटी हलकी लागेल.
कारण शोधशील. मी अजून एकाचं शोधतेय,
त्याला सहा वर्षं झाली.

ठेव आता फोन.
टोपलीला दोन्ही हात लागतात.
आणि ती टोपली माझी आहे, परत आण.