मोजचाक

नगरपालिकेनं मला एक चाक दिलं.
लांब दांडा, दांड्यावर आकडे,
फुटाफुटाला टिक्.
म्हणाले, व्हर्लिन, बागेची हद्द मोजून आण.
गुरुवारी ठराव आहे, बंदूक घेऊन आत यायचं नाही,
आणि वकीलबाई विचारतायत
आत म्हणजे नक्की कुठून.

सव्वीस वर्षं मी इथलं गवत कापतोय.
आत कुठून, हे गवताला कधी विचारलं नव्हतं.

उत्तरेला नदी.
मार्चमध्ये एका रात्रीत चाळीस फूट बाग गिळते,
मे महिन्यात परत देते, वर व्याज म्हणून
गाळ, प्लास्टिकच्या खुर्च्या,
एकदा तर कुणाचं टपालपेटीसकट फाटक.
मी वहीत लिहिलं: उत्तर बाजू, पाण्याच्या मर्जीनं.
वकीलबाईंनी ते खोडलं.

पूर्वेला अक्रोड. खोड बागेचं,
सावली टॅकेटबाईंच्या अंगणाची,
फळं ज्याचा हात लांब त्याची.

दक्षिणेला बेसबॉलचं मैदान.
मागच्या ऑगस्टात इथंच दोन बाप भांडले,
पोरगं बाद की नाबाद यावरून.
एकानं सदरा थोडासा वर केला.
बस, एवढंच. गोळी सुटली नाही,
म्हणून पोलिसांच्या वहीत काही नाही.
मारिसेला किरोगा पोरांना खेळ शिकवते,
तिनं सभेत सांगितलं:
आता बॅट हातात घेण्याआधी पोरं
चेंडूकडे नाही बघत,
कठड्याला टेकलेल्या माणसांच्या कमरेकडे बघतात.
प्रत्येकाला तीन मिनिटं होती.
तिचं चाळीस सेकंदांत संपलं.

मग ऑरिन स्टॅम्पर उठला.
दुकानावर दरोडा पडला तेव्हापासून
त्याच्या उजव्या कुशीला कातडी म्यान आहे,
चष्म्यासारखं, रोजचं.
म्हणाला, साप साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही.
म्हणाला, दुष्टाला पाटी वाचता येत नाही का?
येते. पण तो वाचून पुढे जातो,
आणि मी वाचून घरी.
काही लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मी वाजवणार होतो. हात मांडीखाली होते.

पश्चिमेला पार्किंग.
इथं चाक थांबलं, म्हणजे मीच थांबलो.
पांढऱ्या पट्ट्यांवर माझा ट्रक उभा,
ट्रकच्या खणात वडिलांचं पिस्तूल,
हातपुसणीत गुंडाळलेलं,
मी कधी न झाडलेलं आणि कधी न काढलेलं.
पार्किंग आत धरायचं की बाहेर?
वकीलबाईंनी पेन उघडून विचारलं.
आत, मी म्हणालो. डांबर आम्हीच टाकलंय.

चार विरुद्ध तीन.
राज्याच्या कायद्यापुढे हे टिकेल का,
ते कोर्ट बघेल, असं म्हणून सगळे जेवायला गेले.
मी पहार काढली. नऊ खड्डे,
नऊ खांब, नऊ पाट्या.
अक्रोडापाशी खणताना एक काडतुसाची नळी निघाली,
हिरवी पडलेली, कुणा आजोबाच्या काळातली.
खारीसाठी असेल.
सिमेंट ओतायच्या आधी मी ती परत आत टाकली,
का, ते विचारू नका.

आता मी ट्रक मलबेरी रस्त्यापलीकडे लावतो,
पहाटे दोनशे अकरा पावलं चालतो.
कुरकुर केली, पण चालतो.

ऑरिनचं वेगळंच झालं.
नदीकाठच्या पायवाटेवर एक बाक आहे,
पाठीवर त्याच्या बायकोचं नाव, डेल्फिया,
पैसे त्यानंच भरलेले.
तो मला म्हणाला, हा बाक जरा सरकव ना,
हद्दीच्या बाहेर. फार नाही.
मी म्हणालो, बोल्ट सिमेंटात आहेत, ऑरिन.
आणि तू ते घरी ठेवून ये की.
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जसं मी त्याला हात घरी ठेवून ये म्हणालो.

रोज साडेचारला येतो तो.
पाटीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसतो,
तोंड बाकाकडे.
चाक परत करायच्या आदल्या संध्याकाळी,
तो गेल्यावर, मी ते अंतर मोजलं.
अकरा फूट.
पुन्हा मोजलं.
तिथलं गवत मी जरा वाढू देतो.